गाडीचा हीटर गरम हवा देत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी सुरू झाली की हे प्रश्न येऊ लागतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना कोणीतरी आधीच डॅशबोर्ड खोलायचा सल्ला दिलेला असतो. डॅशबोर्ड खोलणं हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी बोनेट उघडून हाताने करण्यासारखं बरंच आहे. खाली सोप्या प्रश्नांपासून सुरुवात केली आहे, अडचणीचे अपवाद पुढे आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी त्या त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हीटर चालतो कशावर? एसीचा गॅस संपल्यामुळे गरम हवा बंद होते का?

नाही. पेट्रोल आणि डिझेल गाडीत एसीच्या गॅसचा हीटरशी काही संबंध नसतो. इंधन जळून तयार होणाऱ्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा कूलंट, म्हणजे इंजिनातून फिरणारं ते थंड ठेवणारं पाणीमिश्रित द्रव, उचलून नेतं. एरवी ही उष्णता पुढच्या रेडिएटरमधून बाहेर फेकली जाते. हीटर त्यातली थोडी आत वळवून घेतो. डॅशबोर्डच्या मागे एक छोटा रेडिएटर बसवलेला असतो, त्याला हीटर कोअर म्हणतात. इंजिनातून आलेलं गरम कूलंट त्यातून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. किती हवा कोअरवरून जाईल आणि किती त्याला वळसा घालून जाईल, हे मधला एक फ्लॅप ठरवतो.

म्हणजे शोधायच्या गोष्टी दोनच. गरम कूलंट कोअरपर्यंत पोचतंय का? आणि पोचत असेल तर हवा त्यावरून जातेय का? कोणी ‘गॅस भरून बघू’ म्हणालं तर तिथेच नको म्हणा.

२. गाडी सुरू करून पाच मिनिटं झाली तरी हवा थंडच आहे. हा बिघाड समजायचा का?

एवढ्यात नाही. इंजिन तापल्याशिवाय हीटरकडे देण्यासारखं काहीच नसतं. कडक थंडीत दहा-पंधरा मिनिटंही लागतात, आणि जागेवर उभी ठेवून इंजिन चालवलं तर आणखी जास्त, कारण इंजिनावर भारच नसतो. सुरू करून मिनिटभरात हळू निघणं हाच लवकर तापवण्याचा मार्ग. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा हलायला लागेपर्यंत ब्लोअर बंद किंवा एकवर ठेवा. सुरुवातीपासून चारवर ठेवला तर थंड हवाच अंगावर येते. डिझेल गाडी मुळातच उशिरा तापते, त्याबद्दल प्रश्न १५ पाहा.

३. गॅरेजला जाण्याआधी मी स्वतः काय काय बघू शकतो?

पहिलं म्हणजे कूलंटची पातळी, आणि तीही इंजिन पूर्ण थंड असताना. डब्यावर मिन आणि मॅक्सच्या खुणा असतात. पातळी मिनच्या खाली असेल तर पुढची तपासणी थांबवा आणि प्रश्न ५ वाचा. हीटर थंड पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण तेच आहे. तुमच्या गाडीत रेडिएटरवर वेगळं झाकण असेल तर तेही उघडून आत बघा. झाकणाचं रबर गेलेलं असलं की डब्यात कूलंट दिसतं आणि रेडिएटर मात्र वरून रिकामा असतो. डबा बघून ‘पाणी आहे’ म्हणणारे इथेच फसतात.

गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका. यंत्रणेत साधारण १ बार जादा दाब असतो, त्यामुळे साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. झाकण सैल केलं की दाब जातो आणि तेच पाणी उसळून हातातोंडावर येतं. फडकं धरून उघडलं तरी भाजतंच.

दुसरं, तापमानाचं बटण शेवटपर्यंत गरमकडे फिरवून बघा. अनेकांच्या गाडीत ते अर्ध्यावरच असतं. ऑटो क्लायमेट असेल तर तापमान सर्वांत वर न्या. तिसरं, तापमानाचा काटा कुठे थांबतो ते बघा. काटा वर येतच नसेल तर प्रश्न ७, लालकडे जात असेल तर आधी प्रश्न १२, आणि मधोमध असेल तर प्रश्न ४.

काट्यावर आंधळा विश्वास मात्र नको. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम संथ केलेला असतो. आतलं तापमान बरंच खालीवर झालं तरी काटा मधोमधच राहतो. स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं यंत्र, लावला की खरा आकडा दिसतो.

४. ‘दोन पाइप हाताने तपासा’ असं सगळे सांगतात. ते नेमकं कसं करायचं?

इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यात, बहुतेक गाड्यांत मध्यभागी किंवा थोडं बाजूला, रबरी पाइपांची एक जोडी आत शिरताना दिसते. एक कोअरला गरम कूलंट नेणारा, दुसरा तिथून परत आणणारा. रेडिएटरच्या पाइपांपेक्षा हे बारीक, साधारण अंगठ्याच्या जाडीचे असतात. एसीचे पाइप जवळच असतात, पण ते ॲल्युमिनियमचे असतात, त्यामुळे गोंधळ होत नाही.

गाडी मोकळ्या जागेत उभी करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तापमानाचं बटण पूर्ण गरमवर, ब्लोअर एकवर. काटा नेहमीच्या जागी आला की इंजिन बंद करा आणि किल्ली काढून घ्या. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, तेव्हा बाही आणि बोटं त्याच्यापासून लांब. आता पाइपाला बोट नुसतं टेकवा, लगेच मुठीत धरू नका. चांगला तापलेला पाइप दोन-तीन सेकंदांच्या वर धरवत नाही.

दोन्ही पाइप तसेच कढत असतील तर कूलंटची बाजू ठीक आहे, दोष फ्लॅपमध्ये आहे: प्रश्न ९. परतीचा पाइप थोडा कमी गरम लागणं स्वाभाविक आहे, कारण मधे कूलंटने हवेला उष्णता दिलेली असते. पण एक कढत आणि दुसरा कोमट किंवा गार असेल तर कोअरमधून प्रवाह होत नाही. कोअर तुंबलाय, त्यात हवा अडकलीये, किंवा मधला व्हॉल्व्ह बंद आहे. हा व्हॉल्व्ह सगळ्याच गाड्यांत नसतो, पण असेल तर आधी तोच बघा: वायर किंवा व्हॅक्यूमच्या नळीवर चालणारा छोटा तुकडा, बटण फिरवल्यावर त्याचा दांडा हलताना दिसायला हवा. दांडा जागचा हलत नसेल तर कोअरच्या नावाने बोंब मारण्यात अर्थ नाही. आणि दोन्ही पाइप गार असतील तर इंजिन तापतच नाही (प्रश्न ७), कूलंट कमी आहे (प्रश्न ५) किंवा वॉटर पंप ते ढकलत नाही (प्रश्न ६).

एवढी एक तपासणी झाली की निम्मी कारणं बाद होतात. मेकॅनिकने पाइपांना हातही न लावता कोअर बदलायला सांगितला, तर दुसरीकडे दाखवलेलं बरं.

५. कूलंट कमी निघालं. भरलं की काम झालं का? साधं पाणी चालेल?

भरल्यावर हीटर लगेच गरम झाला तर कारण सापडलं, पण काम संपलेलं नाही. ही बंद यंत्रणा आहे. वर्षानुवर्षांत पातळी किंचित उतरू शकते, डबा रिकामा होत नाही. कूलंट कुठेतरी जातंय. पाइपांच्या क्लिपा, रेडिएटरचे कोपरे, वॉटर पंपाखालची जागा इथे पांढरे, हिरवे किंवा गुलाबी सुकलेले डाग शोधा. बाहेर कुठेच डाग नसतील तर ते आत केबिनमध्ये उतरतंय (प्रश्न १०) किंवा इंजिनात जळतंय (प्रश्न १२).

हीटर कोअर अनेक गाड्यांत बराच वर बसवलेला असतो. त्यामुळे कूलंट कमी झालं की पहिली उपासमार त्याचीच होते. इंजिन अजून प्रमाणाबाहेर तापलेलं नसतं, काटा ठीक दिसतो, पण हीटर थंड पडतो. याला मी नशीब म्हणेन, कारण गाडी उकळण्याआधी मिळणारी ही सूचना आहे.

अडीनडीला साधं पाणी घालून घरी यायला हरकत नाही, पण ते कायमचं ठेवू नका. गंज धरतो, क्षार साचतात आणि गोठणाऱ्या थंडीत पाणी इंजिनाचा ब्लॉकसुद्धा फोडू शकतं. इथिलीन ग्लायकोल आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. कूलंट कोणतं घालायचं ते गाडीच्या पुस्तिकेत बघा. रंगावरून ठरवू नका; रंग प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने देते, आणि न जुळणारी दोन कूलंट एकत्र झाली की कधी कधी त्याचा चिखल होतो आणि तो कोअरमध्ये जाऊन बसतो.

सांडलेलं कूलंट ताबडतोब पुसून पाण्याने धुवा. ते चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

६. गाडी चालताना हवा गरम येते, सिग्नलला थांबलो की थंड. असं का?

वेग असताना वॉटर पंप जोरात फिरतो आणि कमी कूलंट असलं तरी कोअरपर्यंत पोचवतो. इंजिन आयडलवर आलं, म्हणजे उभ्या गाडीत नुसतं हळू चालू राहिलं, की तेवढा जोर राहत नाही. म्हणून आधी पातळी बघा, मग अडकलेली हवा काढा (प्रश्न ८). दोन्ही ठीक असूनही असंच होत असेल तर पंपाची पाती झिजलेली असू शकतात, किंवा कोअर अर्धवट तुंबलेला असतो. उभ्या गाडीत आरपीएम दोन हजारांच्या आसपास धरून बघा. हवा लगेच गरम व्हायला लागली तर प्रश्न प्रवाहाचाच आहे.

७. माझं उलटं आहे: शहरात गरम हवा येते, हायवेला लागलो की थंड आणि काटाही खाली. हे काय?

थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९५ अंशांच्या दरम्यान, गाडीनुसार, उघडतो आणि तोपर्यंत कूलंटला मोठ्या रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो कायम उघडा राहिला की हायवेवरचा वारा रेडिएटरमधून इंजिनाची सगळी उष्णता ओढून नेतो. इंजिनाचा दिवा लागला असेल आणि स्कॅनरवर पी०१२८ कोड दिसत असेल तर त्याचा अर्थ हाच: कूलंट अपेक्षित तापमानाला पोचत नाही. सेन्सर किंवा कमी कूलंट यांमुळेही हा कोड येऊ शकतो, पण हायवेवर थंड पडणं आणि हा कोड ही जोडी बहुतेक वेळा थर्मोस्टॅटकडेच बोट दाखवते.

हा भाग लहान आहे आणि बदलणं सहसा सोपं असतं. हीटरची हौस नसली तरी बदला. इंजिन सतत थंड चाललं की इंधन जास्त पितं आणि झीजही वाढते.

८. कूलंट बदलून घेतलं त्या दिवसापासून हीटर बंद आहे. गॅरेजवाल्याने काही तोडलं का?

तोडलं नसेल, पण हवा काढली नसेल. यंत्रणा रिकामी करून भरली की वरच्या भागात हवेचा फुगा अडकतो आणि कोअरमधला प्रवाह थांबतो. डॅशबोर्डमधून खळखळ पाणी वाहिल्यासारखा आवाज येत असेल तर खात्रीच समजा.

थंड इंजिन, गाडीचं तोंड चढाकडे, हँडब्रेक लावलेला, चाकांना उटी. झाकण उघडं, हीटर पूर्ण गरमवर. आता इंजिन सुरू करा आणि भरण्याच्या तोंडातून बुडबुडे येत राहतील तसं कूलंट घालत जा. मधेमधे हीटरचा वरचा पाइप दाबून सोडला की अडकलेला फुगा सरकतो. बुडबुडे थांबले, हवा गरम यायला लागली की झाकण लावा. कूलंट उसळून वर यायला लागलं तर वाट न बघता लावा. बऱ्याच गाड्यांत हवा काढण्यासाठी स्वतंत्र स्क्रू असतो, तो कुठे आहे ते पुस्तिकेत असतं. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी पुन्हा बघा, ती थोडी उतरलेली असते.

काही गाड्या या पद्धतीला दाद देत नाहीत आणि त्यांना व्हॅक्यूमने भरावं लागतं. ते गॅरेजचं काम. आणि हवा काढूनही ती चार दिवसांनी परत धरत असेल तर ती कुठून येतेय हा खरा प्रश्न आहे: प्रश्न १२.

९. दोन्ही पाइप कढत आहेत, तरी हवा थंड. किंवा एका बाजूला गरम, दुसऱ्या बाजूला थंड. आता?

आता दोष फ्लॅपचा. जुन्या किंवा साध्या गाड्यांत बटण वायरने फ्लॅप ओढतं. वायर क्लिपमधून सुटली की बटण एकदम हलकं फिरतं. बटणाच्या मागे हात घालून ती परत अडकवता येते. नव्या गाड्यांत हेच काम छोटी मोटर करते. तिची प्लॅस्टिकची गिअर तुटली की तापमान बदलताना डॅशबोर्डमागून टक्‌-टक्‌-टक्‌ असा आवाज येत राहतो. ड्रायव्हर आणि शेजारची बाजू यांचं तापमान वेगळं ठेवता येणाऱ्या गाडीत अशा मोटरी दोन असतात, म्हणून एकच बाजू थंड पडते.

मोटर बदलण्याआधी एकदा बॅटरी बदललेली किंवा काढलेली आठवते का ते बघा. त्यानंतर काही गाड्यांत फ्लॅपची शेवटची जागा पुन्हा शिकवावी लागते, आणि हे स्कॅनरवर होतं.

एक अपवाद: ज्या गाडीत एकच तापमानाचं बटण आहे आणि तरीही एक बाजू गार आहे, तिथे कोअर अर्धवट तुंबलेला असू शकतो. अशा वेळी प्रश्न ४ मधली पाइपांची तपासणी पुन्हा, नीट करा.

१०. हीटर लावला की गोडसर वास येतो आणि काच पुसली तरी परत धूसर होते. संबंध आहे का?

आहे, आणि थेट आहे. हीटर कोअर आतल्या आत गळतोय. काचेवर बोट फिरवून बघा. श्वासाची वाफ असेल तर काच स्वच्छ ओली होते. कूलंट असेल तर बोटाला तेलकट, चिकट थर लागतो आणि काचेवर फराटा उमटतो. मग शेजारच्या सीटपुढचं कार्पेट उचलून खालचा फोम दाबून बघा. वरून कोरडं असलं तरी फोम ओला सापडतो. ओल निव्वळ पाण्याची, बिनवासाची असेल तर ती एसीच्या तुंबलेल्या नळीची असू शकते.

हा कोअर बदलावाच लागतो. तोपर्यंत बाहेरची हवा आत घ्या, काचा थोड्या उघड्या ठेवा आणि कूलंटची पातळी रोज बघा.

११. कोअर तुंबलाय म्हणतात. धुवून चालेल की बदलायचा? आणि गळती बंद करणारं औषध?

गळत नसेल तर आधी धुवा. दोन्ही पाइप सोडवून नेहमीच्या उलट्या दिशेने, म्हणजे परतीच्या तोंडातून, हलक्या दाबाने पाणी सोडा. जोराचा फवारा नको. कोअरच्या नळ्या पातळ असतात आणि जुना कोअर फुटतो. सुरुवातीला तांबूस गढूळ पाणी येईल, ते स्वच्छ होईपर्यंत आलटूनपालटून दोन्ही बाजूंनी चालू द्या. निघालेलं पाणी बादलीत धरा, गटारात सोडू नका. बराच फरक पडला पण पूर्ण नाही, तर आठवड्याने पुन्हा एकदा. दोनदा करूनही परतीचा पाइप गारच राहिला तर बदला.

गळती बंद करणाऱ्या औषधाबद्दल माझं मत वाईट आहे. ते बारीक भोक बुजवतं हे खरं, पण गाडीतल्या सगळ्यात बारीक वाटा हीटर कोअरमध्येच असतात. रस्त्यात अडकलात तर वापरा, एरवी नको.

१२. काटा लालकडे चाललाय आणि हीटर मात्र थंड. हे कसं शक्य आहे?

या पानावरची सगळ्यात गंभीर अवस्था हीच. इंजिन तापलंय, पण उष्णता वाहून न्यायला कूलंटच उरलेलं नाही किंवा ते फिरत नाही. गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. ‘पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ’ यात इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा भाग, वाकतं.

इंजिन तापत असताना हीटर पूर्ण लावावा, असं जुने ड्रायव्हर सांगतात ते बरोबर आहे. तो दुसऱ्या रेडिएटरसारखं काम करतो आणि थोडी उष्णता काढतो. पण हवा गरम येत असेल तरच. थंड आली तर एक मिनिटही पुढे जाऊ नका.

कूलंट भरूनही पुन्हा पुन्हा कमी होत असेल, हवा परत परत धरत असेल, थंड इंजिन सुरू केल्यावर डब्यात सतत बुडबुडे येत असतील, एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर थांबत नसेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा, संशय घ्या. ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये शिरून कोअरमध्ये फुगा तयार करतात. गॅरेजमध्ये डब्यातल्या वाफेवर रसायनाची चाचणी करून हे पक्कं कळतं. हेड खोलण्याआधी ती करून मागा.

१३. हवा गरम आहे का हा प्रश्नच नाही, हवाच येत नाही. कधी कधी फक्त शेवटच्या स्पीडला येते.

मग बिघाड विजेचा आहे. फक्त सर्वांत वरच्या स्पीडला ब्लोअर चालत असेल तर त्याचा रेझिस्टर, म्हणजे खालच्या स्पीडसाठी वीज कमी करणारा भाग, जळलाय. वरच्या स्पीडला वीज त्याला वळसा घालून थेट जाते. काहीच चालत नसेल तर फ्यूज, मग रिले, मग मोटर. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठा फ्यूज घालू नका, मोटर जड फिरतेय. आवाज येतो पण हवा कमी, असं असेल तर केबिन फिल्टर काढून बघा. कधी कधी तो पानं आणि धुळीने गच्च भरलेला निघतो.

१४. जुनी गाडी घेतली, तिचा हीटर कधी चाललेलाच नाही. कुठून सुरुवात करू?

आधीच्या मालकाने केलेल्या उपायांपासून. कोअर गळू लागला की तो बदलण्याऐवजी कोअरकडे जाणारे दोन्ही पाइप एकमेकांना जोडून देण्याची युक्ती प्रचलित आहे. पाइप पत्र्यात शिरायच्या आधीच वळून परत फिरलेला दिसला तर हेच झालंय. जोडणी नुसती परत लावू नका, कोअर तेव्हा कशासाठी वेगळा केला असेल याचा विचार करा आणि तो आधी दाबाने तपासून घ्या. दुसरी युक्ती म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणं. ‘गाडी थंड चालते’ म्हणून केलेलं असतं. परिणाम प्रश्न ७ मधलेच. नवा बसवा.

१५. डिझेल, हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांना हेच सगळं लागू आहे का?

डिझेलला पूर्ण लागू आहे. फरक एवढाच की डिझेल इंजिन इंधनाचा जास्त भाग कामाला लावतं, उष्णता कमी वाया घालवतं, म्हणून उशिरा तापतं. थंड देशांसाठीच्या अनेक डिझेल गाड्यांत त्यामुळे विजेवर चालणारा मदतनीस हीटर असतो. तो बिघडला तर गाडी सुरू केल्यावर फार वेळ थंड राहते, पण शेवटी गरम होते.

हायब्रिडमध्ये इंजिन मधेच आपोआप बंद होतं आणि कूलंट निवू लागतं. गाडी स्वतःच इंजिन पुन्हा सुरू करते, किंवा विजेवरचा हीटर कामाला लावते. हीटर लावल्यावर उभ्या गाडीत इंजिन आपोआप चालू झालं तर तो बिघाड नाही.

इलेक्ट्रिक गाडीत इंजिनच नाही, तेव्हा उष्णता विजेच्या हीटरमधून किंवा हीट पंपातून येते. हीट पंप एसीच्याच गॅसवर उलट्या दिशेने चालतो, त्यामुळे प्रश्न १ मधलं ‘गॅसचा संबंध नाही’ हे उत्तर तिथे चुकीचं ठरतं. नारिंगी आवरणाच्या केबल उच्च विद्युतदाबाच्या असतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

१६. समोरच्या काचेवर हवा सोडली की एसी आपोआप सुरू होतो. त्यामुळे हवा थंड पडतेय का?

नाही. एसी हवेतला ओलावा काढतो आणि मग तीच हवा कोअरवरून गरम होऊन काचेवर जाते, म्हणून काच लवकर साफ होते. अनेक गाड्यांत हे मुद्दाम तसं केलेलं असतं.

१७. आमचा हीटर बंदच होत नाही, उन्हाळ्यातही गरम हवा येते. हे याच पानावर विचारलं तर चालेल का?

चालेल, कारण भाग तेच आहेत. फ्लॅप गरमच्या बाजूला अडकलाय (प्रश्न ९), किंवा व्हॉल्व्ह उघडा राहिलाय (प्रश्न ४). कूलंटची पातळी बघण्यात वेळ घालवू नका. व्हॉल्व्हवाली गाडी असेल तर थंड इंजिनावर त्याचा दांडा हाताने बंद बाजूला ढकला आणि एक फेरी मारून या. हवा थंड झाली तर व्हॉल्व्ह किंवा त्याची वायर बदलायची आहे, डॅशबोर्डला हात लावायची गरज नाही.